रात्री वळवळणारे पाय आणि दिवसा फुगणाऱ्या शिरा

शाळेत दिवसभर फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाई, इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी करणारा कामगार, साडीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडणारी विक्रेती, चौकातला वाहतूक पोलीस. या सगळ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास येते: रात्री पाय ओढतात. घरातले उत्तरही ठरलेले असते. दगदग झाली, पाय दाबून घे, तेल लाव, झोप लागेल.

पण काही जणांची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. अंथरुणाला पाठ टेकल्यावर थोड्याच वेळात पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू होते. तिला दुखणे म्हणावे तर ते दुखणे नसते आणि मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्याही नसतात. पाय हलवावेसेच वाटतात आणि हलवले नाहीत तर जीव कासावीस होतो. उठून गार फरशीवर चार फेऱ्या मारल्या की वळवळ थांबते आणि पुन्हा आडवे झाले की पुन्हा सुरू होते. असा माणूस एका डॉक्टरांकडे गेला तर ते त्याला उभे करतात, पोटरीवरच्या निळ्या, वेड्यावाकड्या शिरा पाहतात आणि सांगतात, व्हेरिकोज व्हेन्स आहेत, लेझर करून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तर ते शिरांकडे पाहतही नाहीत. हा मेंदूचा विकार आहे, ही गोळी रोज रात्री घ्या, म्हणतात. दोघेही आपापल्या शास्त्राला धरूनच बोलत असतात. पण रुग्णाच्या हिताचे उत्तर पुष्कळदा या दोघांच्या मधल्या जागेत असते आणि तिथे उभे राहून विचार करायला दोघांनाही सवड नसते. त्या जागेची ओळख करून देण्यासाठी हे प्रकरण आहे.

आधी पायांची वळवळ पाहू. वैद्यकात तिला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम किंवा विलिस-एकबॉम विकार म्हणतात. त्याचे निदान रक्ताच्या तपासणीवर किंवा एमआरआयवर होत नाही, ते बोलण्यातून होते. पाय हलवण्याची अनावर ओढ हवी, ती विश्रांतीत सुरू व्हायला किंवा वाढायला हवी, हालचालीने निदान हालचाल चालू असेपर्यंत कमी व्हायला हवी आणि संध्याकाळी-रात्री दिवसापेक्षा जास्त व्हायला हवी. शिवाय हे सारे दुसऱ्या कुठल्या कारणाने घडत नाही ना, याची खात्री करून घ्यायला हवी. ही पाचवी अट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. युरोप-अमेरिकेत ५ ते १० टक्के प्रौढांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो, उपचार घ्यावे लागतील इतका त्रास २ ते ३ टक्क्यांना होतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो.

या विकाराचे पहिले नेमके वर्णन सतराव्या शतकातले आहे. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांची हकीकत लिहिली: अंथरुणात पडल्यावर हातपाय उडू लागतात आणि झोप म्हणजे यातना होऊन बसते. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे जे वर्तुळ असते, त्याला आजही याच विलिस यांचे नाव आहे. पुढे पावणेतीनशे वर्षे या दुखण्याकडे फारसे कुणी गांभीर्याने पाहिले नाही. मनाचा चळ, नसांचा हळवेपणा, असे म्हणून ते बाजूला सारले गेले. १९४५ मध्ये स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी त्यावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्याला आजचे नाव दिले. एकबॉम यांचा सुरुवातीचा संशय रक्ताभिसरणावर होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते. म्हणजे शिरांचा प्रश्न लेझरवाल्यांनी काल-परवा उकरून काढलेला नाही. विकाराला नाव मिळाले तेव्हापासून तो सोबत आहे.

मग तो मागे का पडला? कारण दुसऱ्या बाजूचे पुरावे भराभर जमत गेले. १९५३ मध्ये स्वीडनमधल्याच नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचे दाखवले. १९८२ मध्ये तुर्कस्तानचे डॉक्टर आकपिनार यांनी कंपवातावरचे लेव्होडोपा हे औषध इथेही काम करते, असे नोंदवले. या दोन धाग्यांची गाठ पुढे मेंदूत बसली. डोपामाइन तयार करणाऱ्या मेंदूच्या भागात या रुग्णांमध्ये लोह कमी असते, हे एमआरआयने आणि मृत्यूनंतरच्या तपासणीने दिसले. डोपामाइन बनवणाऱ्या विकराला लोह लागते आणि डोपामाइनचा दिवसभराचा चढउतार रात्रीकडे उतरणीला लागतो, त्यामुळे त्रासाची वेळही समजू लागली. २००७ मध्ये या विकाराशी जोडलेली जनुके सापडली आणि आईचे पाय वळवळतात तर मुलीचेही का, याचा उलगडा होऊ लागला. विकार मेंदूचा, हे मत पक्के झाले. आणि ते बरोबरच आहे. फक्त त्यामुळे पायांकडे पाहणे थांबले.

आता पायांकडे येऊ. हृदयातून निघालेले रक्त पायापर्यंत जोराने पोचते, परतीच्या वाटेवर मात्र त्या जोराचा मागमूस उरत नाही. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताचा सुमारे सव्वा मीटर उंचीचा स्तंभ असतो आणि त्याच्या वजनामुळे घोट्याजवळच्या नीलेत ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. हे रक्त वर चढवते ती पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. इटलीतल्या पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये त्यांचे चित्रांसह वर्णन केले. त्या झडपा नेमक्या कशासाठी आहेत, हे त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये उलगडले. धडधाकट पायात चालायला लागल्यावर घोट्यातला दाब ३० च्या खाली येतो.

विहिरीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला पुढचे सांगावे लागणार नाही. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की वर चढलेले पाणी मोटार थांबताच पुन्हा विहिरीत उतरते. नीलेतली झडप सैल झाली की तेच होते. जांघेपासून घोट्यापर्यंत कातडीखालून जाणारी लांब नीला, म्हणजे ग्रेट सॅफिनस व्हेन, हिची जांघेतली झडप निकामी होणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार. मग चालले तरी दाब पुरेसा उतरत नाही. कातडीलगतच्या शिरा फुगतात, पिळवटतात. संध्याकाळी घोट्यावर सूज येते, मोज्याची खूण उमटते. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट-तपकिरी होते. शिरांमधून झिरपलेल्या रक्तातल्या लोहाचा तो रंग. त्याच जागी खाज सुटते आणि दुर्लक्ष झाले तर लवकर न भरणारी जखम होते.

या काळपट डागाकडे पाहताना मला नेहमी एक विलक्षण गोष्ट जाणवते. एकाच माणसाच्या घोट्याच्या कातडीत लोह साचून राहिलेले असू शकते आणि त्याच माणसाच्या मेंदूतल्या पेशी लोहासाठी आसुसलेल्या असू शकतात. एकामुळे दुसरे घडते असा याचा अर्थ नाही. शरीरात लोह किती, यापेक्षा ते कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे, एवढा मात्र आहे.

शिरांचा त्रास आणि पायांची वळवळ यांचे साम्य फसवे आहे. दोन्ही पोटऱ्यांत, दोन्ही संध्याकाळी वाढणारे, दोन्ही बायकांमध्ये विशेष बोलले जाणारे, दोन्ही गरोदरपणात डोके वर काढणारे. चालल्याने दोन्हींत थोडाफार आराम. रुग्ण दोन्हींना ‘पाय ओढतात’ असेच म्हणतो. तरी एक प्रश्न दोघांना बऱ्यापैकी वेगळे करतो: पाय उशीवर उंच ठेवून शांत पडलात, तर काय होते? शिरांचे दुखणे असेल तर बरे वाटते, कारण साचलेले रक्त उताराला लागते. वळवळ असेल तर तिथूनच त्रास सुरू होतो. मधुमेहात नसा बिघडल्याने होणारी तळव्यांची आग यांपैकी कशातच बसत नाही, ती चालण्याने थांबत नाही. रात्री पोटरीत येणारा गोळा वेगळाच. तो अचानक येतो, स्नायू दगडासारखा होतो आणि पाय ताणला की सुटतो.

म्हणूनच या विकाराचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने पाचव्या अटीत शिरांत रक्त साचणे आणि पायांची सूज यांची नावे घेऊन इशारा दिला आहे. ही दुखणी वळवळीचे सोंग घेऊ शकतात. शिरांच्या उपचाराने वळवळ बरी झाली, असे कुणी सांगितले की पहिला प्रश्न हाच पडायला हवा: ती खरोखर वळवळ होती का?

तसे सांगणारे अभ्यास आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेत ॲलन कँटर यांनी शिरांच्या उपचारासाठी आलेल्या १,३९७ रुग्णांना विचारले, तेव्हा ३१२ जणांनी, म्हणजे २२ टक्क्यांनी, पाय वळवळत असल्याचे सांगितले. त्यांतल्या ११३ जणांना शिरेत औषध टोचून ती बंद करण्याचा उपचार झाला. ९८ टक्क्यांना सुरुवातीला आराम वाटला. वर्षभरात ८ टक्क्यांचा आणि दोन वर्षांत २८ टक्क्यांचा त्रास परतला. २००७ च्या एका अभ्यासात शिरांचा जुना विकार असलेल्या ३६ टक्के लोकांत वळवळ आढळली, तुलनेच्या गटात १९ टक्के. २००८ मध्ये हेस आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. वळवळ आणि डॉपलर सोनोग्राफीवर दिसलेला झडपांचा बिघाड, दोन्ही असलेले ३५ रुग्ण घेतले, काहींना लेझर केले, काहींना नाही. लेझर झालेल्यांचा त्रास ४० पैकी सरासरी २६.९ गुणांवरून ५.५ वर आला. जवळपास एक तृतीयांश लोकांचा त्रास पूर्ण थांबला.

आकडे मोहवणारे आहेत. पण यांतल्या प्रत्येक रुग्णाला आपल्यावर उपचार झाला की नाही हे ठाऊक होते. वळवळ मोजायचे साधन म्हणजे रुग्णाचे स्वतःचे सांगणे. या विकारात नुसती साखरेची गोळी दिली तरी एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना आराम वाटतो, हे औषधांच्या चाचण्यांनी दाखवले आहे. मग एवढ्या मोठ्या उपचाराने आशा किती पालवत असेल! आणखी एक हिशेब असा. एडिनबरामध्ये सर्वसामान्य लोकांची पाहणी झाली तेव्हा ४० टक्के पुरुषांत आणि ३२ टक्के स्त्रियांत फुगलेल्या मुख्य शिरा सापडल्या. शिरांचे दुखणे बायकांचे, या समजुतीलाही त्या पाहणीने धक्का दिला. इतक्या लोकांना शिरा असतील, तर वळवळ असलेल्या पुष्कळांना त्या निव्वळ योगायोगानेही असणारच.

या साऱ्यांत मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो एक छोटा, काटेकोर प्रयोग. २००९ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयातल्या लेटिएरी आणि एलियासन यांनी ३५ रुग्णांना पायांना हवेने आलटून पालटून दाबणाऱ्या पिशव्या रोज एक तास, त्रासाची वेळ होण्याआधी, महिनाभर लावल्या. काहींच्या पिशव्या खऱ्या दाबाच्या होत्या, काहींच्या नावापुरत्या, आणि कुणाला कुठली हे रुग्णाला माहीत नव्हते. खऱ्या दाबाच्या गटाला स्पष्ट फायदा झाला, साधारण एक तृतीयांश लोकांचा त्रास पूर्ण गेला. म्हणजे पायातले रक्त वर ढकलण्याचा या विकाराशी काहीतरी खरा संबंध आहे. २०१४ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना वळवळ असलेल्यांच्या पायांच्या कातडीत प्राणवायूचा दाब कमी आढळला आणि डोपामाइनसारखे काम करणारे औषध दिल्यावर तो सुधारला. शिवाय गुडघ्याखाली लांब नीलेला अगदी चिकटून एक संवेदी नस उतरते. भरून तटतटलेल्या शिरेच्या शेजारून मेंदूकडे संदेशांचा मारा चालू राहत असेल आणि लोहाअभावी हळवा झालेला मेंदू रात्री त्यांना आवरू शकत नसेल, हा तर्क मला पटतो. तो अजून तर्कच आहे. पण विकार मेंदूचा असूनही पायातली एखादी गोष्ट त्याला चेतवू शकते, इतके मान्य केले की दोन्ही डॉक्टरांची भांडणे निम्मी मिटतात.

आपल्याकडे या प्रश्नात आणखी एक घटक आधी येतो आणि तो शिरांपेक्षाही मोठा आहे: रक्तातले लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. आणि रक्तक्षय हा शेवटचा टप्पा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. इथे एक घोळ नेहमी होतो. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा बहुधा १० ते १५ अशी छापलेली असते. बाईंचे फेरिटिन २२ आले की कागद ‘नॉर्मल’ म्हणतो, डॉक्टरही पुढे जातात. वळवळीच्या रुग्णासाठी मात्र निकष वेगळा आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संस्थेने ताज्या मार्गदर्शनात ७५ किंवा त्याखाली फेरिटिन असलेल्या प्रौढाला लोह द्यावे, असे सुचवले आहे. तेव्हा २२ हा आकडा या रुग्णासाठी बरा नव्हे, उपचार मागणारा आकडा आहे. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून तपासणी बरे असताना करावी. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, लिंबू किंवा आवळा घेतला तर लागते. तपासणीवाचून महिनोन्‌महिने लोह खाणे मात्र चूक. थॅलेसीमियासारख्या विकारात लोह आधीच जास्त साचलेले असू शकते.

लोहाइतकीच दुर्लक्षित राहते ती घरातली औषधांची डबी. सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या, उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची काही औषधे, ही वळवळ वाढवतात. झोप येत नाही म्हणून कुणी रात्री ॲलर्जीची गोळी घेतो आणि पाय अधिकच नाचू लागतात. नैराश्याची गोळी मात्र स्वतःहून कधी बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावी. उपचाराच्या गोळ्यांतही सावधगिरी हवी. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामाइनचे काम करणारी औषधे पहिल्या महिन्यांत जादूसारखी वाटतात, पण काही वर्षांनी अनेकांचा त्रास दुपारीच सुरू होऊ लागतो, हातांपर्यंत पसरतो आणि डोस वाढवला की आणखी वाढतो. काहींना जुगाराचे किंवा खरेदीचे वेडही लागते. म्हणून ती आता सर्रास पहिल्या फळीत दिली जात नाहीत.

मग शिरांचे काय करायचे? पहिली गोष्ट, पाय उभ्याने तपासून घ्यायचे. टेबलावर आडवे झाल्यावर फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. सूज, काळपट डाग किंवा ठळक शिरा असतील तर डॉपलर करून घ्यावे. रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटे वाहत असेल तर झडप गळते आहे. सूज असेल तर पोटरीचे घट्ट मोजे काही आठवडे वापरून पाहता येतात. दिवसा मोजे घालून रात्रीची वळवळ कमी झाली, तर शिरांचा वाटा असण्याची शक्यता वाढते. कुठलीही चीर न देता मिळणारी ही उत्तम चाचणी आहे, आणि ती फार कमी लोकांना सुचवली जाते याची मला खंत वाटते. मधुमेही आणि तंबाखू-विडीवाल्यांनी मात्र पायाच्या रोहिण्या तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत. त्यांच्या पायाला येणारेच रक्त कमी असेल तर मोज्याने इजा होते. लेझर करायचे तर ते शिरांच्या स्वतःच्या कारणासाठी करावे: जडपणा, सूज, कातडीतले बदल, जखम. त्याने वळवळही थांबली तर आनंदच. पण केवळ वळवळीसाठी, लोह न तपासता, दोन्ही पायांच्या शिरा जाळून घेणे मला समर्थनीय वाटत नाही.

गरोदरपण हे वेगळे सांगायला हवे. शेवटच्या तीन महिन्यांत साधारण पाचातल्या एका स्त्रीचे पाय रात्री वळवळतात. पोटातल्या बाळामुळे जांघेवरच्या नीलांवर दाब येतो आणि लोहाची मागणीही त्याच वेळी सर्वाधिक असते. दोन्ही कारणे एकदम हजर. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत जातो, म्हणून तेव्हा शिरांवर कुठलाही कायमचा उपचार करू नये. लोह पाहावे, डाव्या कुशीवर झोपावे, संध्याकाळी चालावे.

कामाच्या जागेचा प्रश्न वैद्यकाच्या हातात नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. केरळात त्यासाठी साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी लढा दिला होता. एक स्टूल आणि तासातासाने चार पावले चालण्याची मुभा, यांमुळे पोटरीच्या पंपाला जे मिळते ते कुठल्याही मलमाने मिळत नाही.

आणि पाय दाबून घेण्याबद्दल. वळवळीत पाय दाबणे, चोळणे, गरम पाण्यात सोडणे यांनी तात्पुरता आराम पडतो आणि त्यात काही वावगे नाही. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखरी, गरम आणि तटतटलेली झाली, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर, तर त्या पायाला कुणाचाही हात लागू देऊ नये. खोल नीलेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करावा.